सुजाताताईंची रिकामी ओळ

"गौरवग्रंथासाठी सुजाताताई साळवे यांच्या कार्यक्षमतेवर चार पानं लिहा," असं संपादक मंडळाने सांगितलं, तेव्हा मी मोठ्या उत्साहाने हो म्हणालो आणि फोन ठेवल्याबरोबर गोंधळात पडलो. ताईंच्या हाताखाली मी कामाला लागलो, त्यांच्याकडून शिकलो, त्या निवृत्त झाल्यावर त्यांच्याच खुर्चीत बसलो. एवढं होऊनही त्यांचं काम मला पुरतं कळलं आहे, असं मी शपथेवर सांगू शकणार नाही. त्यांच्या एका सवयीचा अर्थ तर मी अजून शोधतो आहे, आणि गेले काही महिने त्या सवयीपायी माझ्या जिवाला घोर लागला आहे. तेव्हा रीतीप्रमाणे पहिल्या भेटीपासूनच सुरुवात करतो. गोंधळही तिथूनच सुरू झाला.

मी मूळचा यवतमाळचा. इंजिनिअर होऊन पुण्यात आलो आणि नारायण पेठेत कॉट बेसिसवर राहू लागलो. एका बंदराच्या यार्डाचं नियोजन करायला माणसं हवी आहेत, अशी जाहिरात पाहून मी अर्ज केला. घरमालकांना हे सांगितलं, तर त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "बंदर? पुण्यात? मुठेत जहाज शिरलं की आम्हालाही हाक मारा हो, बघायला येऊ." त्यांचंही चुकलं नव्हतं. बंदर कोकण किनाऱ्यावर होतं. पण तिथल्या यार्डात कुठला कंटेनर कुठे ठेवायचा, कुठल्या क्रेनने कधी उचलायचा, हे सगळं पुण्यातल्या एका कचेरीत, पडद्यांसमोर बसून ठरायचं. समुद्र न पाहता समुद्राचं काम करायचं, ही कल्पना तेव्हा मलाही पटायला जड गेली होती.

मुलाखतीला मी क्रेनचे प्रकार, जहाजांची लांबी-रुंदी असं बरंच घोकून गेलो होतो. ताईंनी माझा अर्ज बाजूला सारला आणि विचारलं, "तुमच्या घरी फ्रिज कोण लावतं?"

"आई," मी म्हणालो.

"आणि तुम्हाला त्यात एखादी वस्तू सापडली नाही तर?"

"आईलाच विचारतो."

"म्हणजे ही नोकरी आईंनाच द्यायला हवी," ताई शेजारच्या गृहस्थांना म्हणाल्या.

मी उठायला लागलो. "बसा, बसा. पाणी प्यायचं राहिलंय तुमचं," त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी निवड झाल्याचा फोन आला. माझी निवड का केली, हे मी पुढे एकदा धीर करून विचारलं, तर म्हणाल्या, "त्या दिवशी तुम्हीच तेवढे वेळेवर आला होतात." ही थट्टा होती की खरं कारण होतं, याचा उलगडा आजही झालेला नाही.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही, त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. जहाजातून उतरलेले कंटेनर यार्डात एकावर एक रचून ठेवतात. अडचण अशी, की न्यायला येणारा माणूस नेमका तळातला कंटेनर मागतो. माळ्यावरचं इडलीपात्र काढताना वरची चार भांडी आधी खाली घ्यावी लागतात, तसं वरचे कंटेनर उचलून बाजूला ठेवावे लागतात. या फुकटच्या उचलाउचलीचे कोणी पैसे देत नाही. डिझेल जळतं, ट्रेलर खोळंबतात आणि धक्क्याला लागलेलं जहाज तिष्ठत राहतं. ही उचलाउचल जितकी कमी, तितका नियोजन करणारा हुशार. उद्या कोण काय मागेल, हे आज ओळखून रचायचं, एवढंच आमचं काम. आणि त्यात ताईंचा हात धरणारं कोणी नव्हतं.

ताई वाढल्या खडकीत. वडील दारूगोळा कारखान्यात कामाला, राहायला क्वार्टर, आणि साऱ्या घराचं घड्याळ कारखान्याच्या भोंग्यावर चालणारं. शिक्षण संपवून त्या थेट बंदरावर नोकरीला लागल्या, तेव्हा यार्डात बायका औषधालाही नव्हत्या. महिलांचं स्वच्छतागृह पार दुसऱ्या टोकाला होतं. तिथवर जाता-येता अख्खं यार्ड पायाखालून गेलं आणि तेच आपलं शिक्षण, असं त्या हसत सांगत. पुढे नियोजनाची कचेरी पुण्यात आली, तशा ताईही पुण्यात परतल्या आणि बिबवेवाडीत स्थायिक झाल्या. पडदा पाहून त्या यार्डाबद्दल जे बोलत, ते आम्हाला त्याच पडद्यावर दिसत नसे.

त्यांची एक पद्धत होती. जहाज धक्क्याला लागण्याआधी त्या यार्डातल्या क्रेनचालकांना स्वतः फोन करत. आम्हाला वाटे, जहाजाची माहिती देत असतील. प्रत्यक्षात पहिला प्रश्न असे, "मान कशी आहे?" यार्डातली क्रेन चालवणारा माणूस उंच केबिनमध्ये बसून पायांखालच्या काचेतून सारखा खाली पाहत असतो. मान अवघडते, डोळे शिणतात. ज्याची मान धरली असेल, त्याच्या वाट्याला ताई हलकी पाळी देत आणि मी केलेली सुबक आखणी विस्कटून टाकत. "ताई, या बदलाने काम लांबतंय," मी एकदा पडद्यावर दाखवून म्हणालो. "तुमच्या पडद्याला मान आहे का?" त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी आकडे आले, तेव्हा काम माझ्या अंदाजाच्या आधीच संपलं होतं. हे कसं झालं, ते पुष्कळ गणितं मांडूनही मला दाखवता आलेलं नाही.

नव्या माणसाला ताई पहिल्याच महिन्यात बंदरावर पाठवत आणि क्रेनच्या केबिनमध्ये बसायला लावत. मीही गेलो. आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहिला तो त्या काचेच्या खोलीतून, आणि उंचीच्या भीतीने धड पाहताही आला नाही. क्रेन चालवत होते म्हात्रेकाका, तिथल्याच गावचे. खाली कंटेनरांच्या राशी खचाखच भरल्या होत्या. फक्त गेटजवळच्या भागात एक लांबलचक ओळ या टोकापासून त्या टोकापर्यंत मोकळी होती.

"काका, ही ओळ रिकामी का?"

"ती ताईंची लाइन हाय. तिथं काय ठेवायचा नाय."

"पण का?"

"मी इचारला होता एकदा. ताई बोलल्या, तुमच्या डोळ्यांना जरा जमीन दिसावी म्हणून." म्हात्रेकाका हसले. "खरा काय ते तुमीच इचारा."

रचलेले कंटेनर हलवायला थोडी थोडी जागा सगळेच सोडतात. हे कुठल्याही नवशिक्याला ठाऊक असतं. ती जागा वेगळी. ताईंची ही ओळ त्याशिवायची होती. बंदरात इंच इंच जागेसाठी मारामारी, आणि इथे अख्खी ओळ मोकळी सोडलेली. पुण्यात परतल्यावर मी विचारलं, तर "सवय" एवढंच उत्तर मिळालं. मुख्य कार्यालयातल्या संचालकसाहेबांनी विचारलं, तेव्हा ताईंनी सुरक्षेचं कारण दिलं. आमच्या विभागातल्या एका मुलीला त्यांनी सांगितलं, की ओळ रिकामी दिसली की मला शांत वाटतं. एकाच ओळीची इतकी कारणं ऐकून मी चक्रावून गेलो. ताई खोटं बोलणाऱ्या नव्हत्या. मग यातलं खरं कोणतं?

मी त्या ओळीवर लक्ष ठेवू लागलो. एका पावसाळ्यात जहाजातून उतरलेल्या एका कंटेनरमधून काहीतरी ठिबकू लागलं, उग्र वास सुटला. कंटेनर इतरांपासून दूर न्यायचा, पण कुठे, हा प्रश्न दुसऱ्या बंदरात पडला असता. इथे तो ताईंच्या ओळीत गेला, चारी बाजूंनी मोकळं मिळालं आणि अग्निशमनाच्या माणसांना काम करता आलं. मी मनात म्हणालो, सापडलं कारण! सुरक्षाच.

मग काही महिन्यांनी दुसराच प्रकार घडला. आखातात नोकरी करणारे एक गृहस्थ तिकडेच वारले होते. त्यांच्या पत्नी मुलीला घेऊन परत आल्या होत्या आणि संसाराचं सामान मागाहून कंटेनरमधून आलं होतं. कागदपत्रांच्या घोळात ते अडकलं, आणि सुटलं तेव्हा कंटेनर राशीच्या तळाशी, आणि सगळ्या क्रेन जहाजाच्या कामात. त्या बाई रोज गेटवर येऊन बसतात, हे ताईंना बाईंचं सामान सोडवणाऱ्या एजंटाकडून कळलं. ताईंनी म्हात्रेकाकांना फोन केला. "वरचे बॉक्स तुम्ही जहाजासाठी उचलणारच आहात. तळातला उघडा पडला की परत झाकू नका, माझ्या ओळीत आणून ठेवा." संध्याकाळच्या आत ट्रेलर सामान घेऊन बाहेर पडला. हे कोणी घडवून आणलं, ते त्या बाईंना कधीच कळलं नाही, आणि ताईंनीही ते कोणाला सांगितलं नाही. माझ्या पडद्यावर ती हालचाल दिसली, म्हणून मला कळलं. मला भरून आलं. पण माझं सुरक्षेचं कारण मात्र निकालात निघालं.

आणि आता जे सांगतो, ते गौरवग्रंथात शोभेल की नाही, हे मला ठाऊक नाही. सणासुदीच्या तोंडावर यार्ड काठोकाठ भरलं होतं. एक मोठं जहाज धक्क्याला लागलेलं, उतरलेला माल ठेवायला जागा नाही, ट्रेलरांची रांग लागलेली. मी ताईंना म्हणालो, "ताई, ती ओळ आज देऊन टाकू या."

"नाही."

"अहो, जहाज थांबलंय!"

"दिसतंय मला."

क्रेन काही काळ हात बांधून उभ्या राहिल्या. दुसरीकडे कशीबशी जागा करून काम सुरू झालं, पण जहाज उशिरा सुटलं. ओळ दिवसभर मोकळीच होती. मला खात्री होती, की आता काहीतरी घडेल आणि ताईंचं बरोबर होतं हे दिसेल. ना काही ठिबकलं, ना कोणी बाई आल्या. संचालकसाहेबांचा फोन मात्र आला, आणि त्यांचा आवाज पलीकडच्या टेबलापर्यंत ऐकू येत होता. ताईंनी सगळं ऐकून घेतलं, "हो, निर्णय माझाच" एवढंच म्हणाल्या आणि चहा मागवला. "आज कोणी आलं नाही," त्या मला म्हणाल्या. त्या वर्षी त्यांची ठरलेली बढती अडली. मला त्यांचा राग आला होता, आणि आपल्याला राग का आला, हेही कळत नव्हतं.

गेल्या वर्षाअखेर ताई निवृत्त झाल्या आणि त्यांची खुर्ची माझ्याकडे आली. त्यापाठोपाठ नवी संगणकप्रणाली आली. यार्डाची रचना आता ती स्वतः सुचवते आणि मोकळी जागा दिसली की तिला लाल रंगाने हिणवते. ताईंची ओळ पहिल्याच दिवशी लालभडक झाली. संचालकसाहेबांनी मला बजावलं, "पुढच्या बैठकीत एक तर त्या ओळीचं कारण सांगा, नाहीतर ती भरा. सवय, शांत वाटतं, असलं काही चालणार नाही." मी रात्रंदिवस तोच विचार करू लागलो. ओळ भरली, तर ताईंनी बढती घालवून जपलेली गोष्ट मी पहिल्या सहा महिन्यांत मोडणार. ठेवली आणि जहाज अडलं, तर घरी बसणार मी. आणि ज्यासाठी हे सगळं, ते कारणच मला माहीत नव्हतं!

शेवटी एका रविवारी मी बिबवेवाडीला ताईंच्या घरी गेलो. जाताना आईने यवतमाळहून पाठवलेल्या सांबारवड्यांचा (आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात) भला मोठा डबा नेला. दार ताईंच्या यजमानांनी, अरुणरावांनी उघडलं. डबा पाहून त्यांनी मला सरळ स्वयंपाकघरात नेलं आणि फ्रिज उघडला. फ्रिज गच्च भरलेला, पण मधला एक कप्पा स्वच्छ रिकामा.

"बघा, तुम्ही इंजिनिअर आहात ना? लग्न झाल्यापासून बघतोय," अरुणराव म्हणाले. "दूध दारात कोंबायचं, भाज्या एकमेकींच्या डोक्यावर, आणि हा कप्पा मोकळा. विचारलं तर म्हणते, असू दे. तुम्हाला काही कळलं तर मलाही सांगा."

आम्ही दोघंही त्या कप्प्याकडे पाहत उभे राहिलो. माझ्यासारखाच गोंधळलेला दुसरा माणूस भेटल्याचा मला केवढा आधार वाटला!

ताई आतल्या खोलीतून आल्या. मी बसलोही नाही. "ताई, एकदाच खरं सांगा. ती ओळ कशासाठी होती?"

"मला तरी कुठे माहीत?"

"असं कसं? बैठक परवा आहे. साहेबांना मी काय सांगू? तुम्ही काकांना एक सांगितलंत, साहेबांना एक, मला एक. यातलं खरं कोणतं?"

"सगळंच. ज्या दिवशी जे होतं, ते." ताईंनी माझ्या हातातला डबा घेतला. "नितीन, कशासाठी ते आधी माहीत असतं, तर मी तिथे तेच नसतं का ठेवलं?"

त्यांनी फ्रिज उघडला आणि डबा त्या रिकाम्या कप्प्यात ठेवला. चपखल बसला. अरुणरावांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे.

"पण सणाच्या तोंडावर त्या दिवशी कोणीच आलं नाही, ताई. जहाज अडलं. बढती गेली तुमची."

"हो. त्या दिवशी माझं चुकलंही असेल," त्या शांतपणे म्हणाल्या. "मलाही कधी कळलं नाही. आता ती खुर्ची तुमची आहे. माझ्यासाठी म्हणून ठेवू नका. भरलीत तर मला वाईट वाटेल, पण मी फोन करून विचारणार नाही." आणि मग, जणू विषय संपला अशा आवाजात, "तुमची मान कशी आहे? खाली घालून उभे आहात मघापासून."

इतकी वर्षं त्या हा प्रश्न दुसऱ्यांना विचारताना मी ऐकत आलो होतो. डोळे भरून आले, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

बैठकीत संचालकसाहेबांनी विचारलं, "काय ठरलं?" मी म्हणालो, "ओळ ठेवायची आहे. कारण आधी सांगता येणार नाही. सांगता आलं असतं, तर ओळ लागलीच नसती." ते म्हणाले, "हे काय उत्तर झालं?" मी म्हणालो, "मलाही पूर्ण कळलेलं नाही, साहेब. पण निर्णय माझाच." शेवटी ओळ राहिली, पण माझ्या नावावर. तिच्यापायी जहाज अडलं, तर जाब मी द्यायचा. सध्या यार्ड भरत चाललं आहे, प्रणाली रोज सकाळी लाल होते, आणि गेल्या आठवड्यात ती ओळ नुसतीच पडून होती. कोणी आलं नाही. मी बरोबर आहे की नाही, हे मला हे लिहीत असतानाही माहीत नाही. पहिला फोन मात्र रोज म्हात्रेकाकांना करतो आणि आधी मानेची चौकशी करतो.

ताई, आपल्याला साठ वर्षं पूर्ण होत आहेत. आपल्याला आणि अरुणरावांना भरपूर आयुष्य लाभो, प्रकृती ठणठणीत राहो, मान ताठ राहो आणि घरचा फ्रिज असाच अरुणरावांना कोड्यात टाकत राहो. आपल्या कार्यक्षमतेवर लिहायचं होतं. तिची व्याख्या मला जमली नाही, हे या ग्रंथाच्या वाचकांनी उदार मनाने समजून घ्यावं.

संपादक मंडळाने मला चार पानं दिली होती. त्यांतलं शेवटचं अर्धं पान मी मुद्दाम कोरं सोडलं आहे. कशासाठी, ते मला माहीत नाही. कृपया तिथे शुभेच्छांची जाहिरात छापू नये.